पंकजाची नववी

सुकन्या मॅडमच्या वर्गात पंकजा नावाची मुलगी होती, पण मॅडमना ती कळली ती वर्गात नसताना.

खर्ड्याच्या किल्ल्यापासून थोडं पुढं, माळावरच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. मॅडम तिथं बरीच वर्षं होत्या. दिवाळी झाली की वस्तीत टेम्पो येऊन लागायचे. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, शेरडं असं सगळं चढवून माणसं ऊसतोडीला निघायची आणि त्यांच्याबरोबर मॅडमचा निम्मा वर्ग निघायचा. कुणी कर्नाटकात, कुणी कोल्हापूरकडं, कुणी आपल्याच जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या पाण्यावर. ती पोरं परत यायची उन्हाळा लागल्यावर. तोवर पाढे विसरलेले असायचे, आणि मॅडमशी बोलायची सवयही मोडलेली असायची. या दुसऱ्या गोष्टीचं मॅडमना जास्त वाईट वाटायचं.

करोनाच्या टाळेबंदीत सगळ्यांनीच मुलांचे मोबाईलवर ग्रुप केले होते. शाळा भरायला लागल्यावर बाकीच्यांचे ग्रुप आपोआप बंद पडले. मॅडमनी आपला चालू ठेवला, पण त्यातून अभ्यास काढून टाकला. नियम एकच केला. रविवारी संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या आवाजात सांगायचं, या आठवड्यात काय पाहिलं. लिहायचं नाही, बोलायचं. मग मॅडम एकेकाला नाव घेऊन उत्तर द्यायच्या, तेही बोलूनच.

पोरांना हे भलतंच आवडलं. कल्याणनं कर्नाटकातल्या कारखान्याचा भोंगा पाठवला आणि वर म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर आमी उठतो." निकिता तिकडच्या दुकानदाराला मराठी शिकवत होती आणि त्याच्या चुका नक्कल करून ऐकवत होती. रविवारचा स्वयंपाक मॅडम कानाला मोबाईल लावूनच करायच्या.

पंकजा सहावीत होती. वर्गात ती भिंतीला टेकून बसायची. वाचायला उभी केली की पुस्तक तोंडासमोर धरायची, ओठ हलायचे, पण शब्द बाहेर पडायचा नाही. शेवटी मॅडमच "बस गं" म्हणायच्या. ग्रुपवरही पहिले काही रविवार ती गप्पच होती. मग एकदा तिचा आवाज आला. मॅडमना आधी तो कुणाचा हेच ओळखू येईना.

"मॅडम, मी पंकजा. हितं फडात येक पाखरू हाय, त्यानं खाली घरटं केलंय. आई म्हनली, तेवढा ऊस शेवटी तोडू. आता समदा फड मोकळा झालाय अन् मधीच एवढंसं बेट राह्यलंय. पाखरू आमच्याकडं बघतंय अन् आमी त्याच्याकडं. उद्या काय हुईल म्हाईत न्हाई."

मॅडमनी गॅस बंद केला आणि ते पुन्हा ऐकलं.

त्यानंतर पंकजा बोलतच सुटली. बैल बसला आणि उठेना तेव्हा बाप त्याच्याशी काय बोलला, नदीवर धुकं कसं आलं, उसाच्या पाचटाच्या झोपडीतल्या, कोपीतल्या चुलीचा धूर कुठून बाहेर जातो, असं काहीही. समोर माणूस नसलं की तिला बोलता येत होतं. एका दुपारी तिचा मेसेज ग्रुपवर न येता एकट्या मॅडमना आला. आवाज रडवेला. "मॅडम, आई फडात गेलीय. मला कायतरी झालंय. कुनाला सांगू नका." मॅडमनी मधली सुट्टी व्हायची वाट न बघता वर्गाबाहेर जाऊन फोन लावला. हे आजारपण नाही, मोठं होणं आहे, घाबरायचं नाही, कपडा कसा घ्यायचा, आईला काय सांगायचं, हे सगळं त्यांनी शाळेच्या मागच्या लिंबाखाली उभं राहून, हळू आवाजात, तिला समजावलं. शेवटी पंकजा म्हणाली, "बरं वाटलं मॅडम. तुमी हितंच हाय असं वाटलं."

तुम्ही इथंच आहात असं वाटलं. या वाक्यानं मॅडमच्या मनात घर केलं. शिक्षकानं दुसरं काय मिळवायचं असतं, असं त्यांना वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला त्या पंकजाच्या वडलांना, हनुमंतला, जाऊन भेटल्या. "हिला आजीजवळ ठेवा. ही शिकणारी मुलगी आहे." हनुमंत कमी बोलणारा माणूस. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "तुमी म्हनता तर ठिवतो." पंकजा वस्तीवर राहिली, सातवी झाली. आठवीला खर्ड्याच्या हायस्कुलात जायला लागली. तेवढ्यात मॅडमची बदली झाली.

बदली त्यांनीच मागितली होती. नवरा राहात्याला नोकरीला, मुलगा दहावीत, आणि त्या स्वतः जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, असं किती दिवस चालणार? शाळा मिळाली ती पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर. पाणी, ऊस, पेरूच्या बागा. खर्ड्याकडच्या माळापुढं दुसराच मुलूख. निरोपाच्या दिवशी पोरं रडली. मॅडम म्हणाल्या, "अरे, ग्रुप आहे ना! मी कुठं जाते?"

आणि ग्रुप खरंच चालू राहिला. पंकजा आठवी पास झाली. नववीला गेली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तिनं सांगितलं, "मॅडम, औंदा बी मी आजीपाशीच हाय. नववी चालू हाय. आमाला विज्ञानाला नवीन सर आलेत." मग तिनं प्रयोगशाळेचं वर्णन केलं. काचेच्या नळीत निळं पाणी कसं लाल झालं, सरांच्या हाताला डाग कसा पडला आणि ते तो हात सगळा तासभर खिशात कसा ठेवत होते. मॅडम हसून हसून बेजार झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळं नव्या शाळेत स्टाफसमोर वाजवून दाखवलं. सुनील सर म्हणाले, "मॅडम, हा तर उपक्रम आहे. नगरला सादर करायला पाहिजे." त्यांनीच पुढाकार घेऊन नाव पाठवलं, आणि जानेवारीतल्या प्रशिक्षणात सादरीकरणासाठी मॅडमना बोलावणंही आलं. वर्गाबाहेर मुलांशी नातं जोडण्यासाठी मोबाईल कसा वापरावा, असा विषय.

काही गोष्टी मात्र खटकायला हव्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "एकदा व्हिडिओ कॉल कर, तुझं तोंड तरी बघू दे," तर पंकजा म्हणायची, "रेंज न्हाई मॅडम." तिच्या आवाजामागं बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा. मॅडमनी एकदा विचारलं, तर "शेजारची गाडी हाय" म्हणाली. असेल शेजारची. मेसेज पूर्वीपेक्षा लहान होत चालले होते, मॅडमना वाटलं, नववीचा अभ्यास असेल. हायस्कूलचे मुख्याध्यापक रामहरी सर त्यांच्या चांगले ओळखीचे. एक फोन केला असता तर सगळं उलगडलं असतं. पण फोन कशाला करायचा? पोरगी तर रोज खिशात होती.

जानेवारीत शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण लागलं. सुनील सर आणि मॅडम नदीच्या बाजूला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर गेले. शाळेपासून फार लांब नव्हतं ते. मॅडमच्या रोजच्या रस्त्यावरून त्या कोप्या दिसायच्या. दुपार टळली होती. कोप्यांपुढं लहान पोरं खेळत होती, एक म्हातारी भाकरी थापत होती. सर नावं विचारत होते. तेवढ्यात उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन एक मुलगी बांधावरून आली. अंगात बापाचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला कोयता. तिनं भारा टाकला, फडक्यानं तोंड पुसलं आणि समोर बघितलं.

पंकजा होती.

मॅडमच्या तोंडून पुढं जे निघालं ते त्यांना नंतर कितीदा तरी ऐकू आलं. "कशी आहेस" नाही, "हे काय गं बाळा" नाही, हात धरणं नाही. टोळीतली सगळी माणसं बघत असताना त्या म्हणाल्या, "पंकजा! तू माझ्याशी खोटं बोललीस?"

पंकजाचे ओठ हलले. आवाज आला नाही. अगदी सहावीतल्यासारखं.

म्हातारी भाकरी तव्यावर टाकायची थांबली. सुनील सरांनी कागदावरून मान वर केली आणि परत खाली घातली. पोरं खेळायची थांबली.

"मला काय काय सांगत होतीस! नवीन सर, प्रयोगशाळा…" मॅडमचा आवाज चढला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, त्या थांबल्या. जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारलं, "का गं?"

बराच वेळ पंकजा पायानं माती उकरत राहिली. मग मॅडमकडं न बघता म्हणाली, "आईचा हात मोडला. दसऱ्याला. गोठ्यात पडली. दोघांची जोडी असल्याबिगर मुकादम नेत न्हाई. मग मीच…"

"मग सांगायचं ना मला!"

"तुमी लई खूश व्हायच्या."

"आणि ती प्रयोगशाळा?"

"आठवीत येकदा दाखवली व्हती. बाकीचं मनानं सांगितलं."

पंकजाच पुढं म्हणाली, "तुमी रोज जाता की पांढऱ्या स्कूटीवर. आमी फडात असलो की दिसता. दिवाळीपासनं बघतीय."

"हाक का नाही मारलीस?"

हाक मारली असती तर नववी मोडली असती, हे तिनं सांगायची गरजच नव्हती.

एवढ्यात हनुमंत गाडी घेऊन आला. मॅडमना बघून त्यानं बैल थांबवले, खाली उतरला आणि टोपी काढली. तोंडावर शरम होती, राग नव्हता. "मॅडम, माज्याकडनं झालं. दोन म्हैने राह्यलेत. हंगाम सरला, पट्टा पडला की पुढच्या साली तिला पुन्हा…" मॅडम म्हणाल्या, "पुढच्या साली नको. इथंच हायस्कूल आहे, मी बोलते, निदान दुपारपर्यंत बसू दे." हनुमंत म्हणाला, "बघू." मॅडमनी सांगितलं, "परवा मला नगरला जायचंय. आले की लगेच येते." पंकजा तोवर वाढे बैलांपुढं टाकायला गेली होती. जाताना मॅडमनी तिला हाक मारली. तिनं मान हलवली, पण वळली नाही.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर एक बारीक ओळ उमटली. पंकजा ग्रुपमधून बाहेर पडली होती.

त्याच वेळी कोप्यांवर जायला हवं होतं. मॅडमना ते कळतही होतं. पण दिवसभराची दमणूक, घरी मुलाची परीक्षा, सादरीकरणाची तयारी; आणि खरं कारण असं की त्यांना राग आला होता. एवढं प्रेम केलं त्या पोरीवर आणि तिनं आपल्याला वेड्यात काढलं, असं आत कुठंतरी ठसठसत होतं. सुनील सरांपुढं मान खाली गेली, तेही होतंच. मनात म्हणाल्या, नगरहून आल्यावर बघू.

नगरचं सभागृह भरलं होतं. सादरीकरण सुनील सरांनी आधीच बनवून पाठवलं होतं. त्यात कल्याणचा भोंगा होता, निकिताचा दुकानदार होता आणि शेवटी पंकजाची प्रयोगशाळा होती. ती काढून टाका, असं सांगायला मॅडमना सकाळपासून वेळ होता. संगणकावर बसलेल्या मुलीपर्यंत त्या दोनदा गेल्याही, आणि पाणी पिऊन परत आल्या. आपण बोलायला उभ्या राहिल्यावर तेवढंच वगळू, असं ठरवलं. पण लोक रंगले होते, भोंग्याला टाळ्या पडल्या होत्या, आणि मॅडम काही म्हणायच्या आत पंकजाचा आवाज सभागृहात घुमला. निळं पाणी, लाल पाणी, सरांचा खिशातला हात. सगळं सभागृह हसलं. मोठ्या स्पीकरवर मागचे घुंगरू अगदी स्पष्ट ऐकू येत होते. ते बैल आता कुठल्या बांधाला उभे आहेत, हे तिथं एकट्या मॅडमना माहीत होतं.

चहाच्या वेळी पारनेरकडच्या एक शिक्षिका मुद्दाम भेटायला आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "किती गोड बोलते हो ती मुलगी! कितवीत आहे आता?"

"नववीत," मॅडम म्हणाल्या.

किती सहज निघालं तोंडातून. समोरची बाई खूश झाली होती आणि तिचा तो आनंद मोडवेना, एवढंच कारण होतं. हातातला चहा तसाच ठेवून मॅडम बाहेर व्हरांड्यात गेल्या. पंकजा त्यांच्याशी का खोटं बोलली असेल, ते त्यांना तिथं, एकट्या उभ्या असताना कळलं. पंकजा आपल्याला सांगत होती ते आपल्याला हवं होतं म्हणून. ग्रुपवर अभ्यास नको म्हणूनही आपणच दर रविवारी तिला विचारत होतो, अभ्यास कसा चाललाय, आणि "चाललाय" म्हटलं की "शाब्बास" म्हणत होतो. न चालल्याचं सांगायला जागाच कुठं ठेवली होती?

दुसऱ्या दिवशी त्या बसमधून उतरल्या आणि घरी न जाता परस्पर कोप्यांकडं गेल्या. तिथं चुलींचे दगड होते, पाचट होतं, फाटकी चप्पल होती. कोप्या नव्हत्या. त्या भागातला ऊस संपला म्हणून टोळी दुसरीकडं हलवली, असं बांधावरच्या शेतकऱ्यानं सांगितलं. कुठं, ते त्याला माहीत नव्हतं. हनुमंतचा मोबाईल बंद लागत होता. मॅडमनी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात चौकशी केली, रस्त्यातल्या गाडीवानांना थांबवून विचारलं, नवऱ्याला घेऊन कोपरगावकडं दोन रविवार फिरल्या. ग्रुपवर पोरांचे आवाज येऊन पडत होते आणि मॅडम उत्तर द्यायला विसरत होत्या.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर त्या खर्ड्याला गेल्या. वस्तीवर ऊन मी म्हणत होतं. पंकजाची आई साळूबाई दारातच होती. हाताचं प्लॅस्टर केव्हाच निघालं होतं, पण हात कोपरात सरळ होत नव्हता. "या मॅडम," म्हणाली, आणि आतल्या अंगाला हाक मारली.

पंकजा पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच झाली होती. हाताच्या बोटांना उसाच्या पात्यांचे ओरखडे होते, बरे होऊन काळे पडलेले. तिनं मॅडमच्या पाया पडून विचारलं, "चहा ठेवू का?" पाहुण्यांना विचारावं तसं.

मॅडम म्हणाल्या, "पंकजा, चुकलं माझं. त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. तुला आधी जवळ घ्यायला हवं होतं."

"असू द्या मॅडम."

"खूप शोधलं गं मी तुला."

"आमी वैजापूरकडं गेल्तो," ती म्हणाली. तेवढंच. पुढं काही सांगितलं नाही. वैजापूरकडं काय पाहिलं, फड कसा होता, माणसं कशी होती, काहीच नाही. एके काळी एवढ्या गोष्टीवर ती दोन रविवार बोलली असती.

मॅडम त्याच दिवशी हायस्कुलात गेल्या. रामहरी सर सुट्टीतही ऑफिसात होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, ती दिवाळीनंतर आली नाही तेव्हा मीच तुम्हाला फोन करणार होतो. मग वाटलं, तुमचा ग्रुप आहे, तुम्हाला माहीत असेलच." जूनमध्ये नववीला पुन्हा नाव घालायचं ठरलं. हनुमंत तयार झाला. साळूबाई म्हणाली, "ह्या साली मी जाईन. हात वळत न्हाई, पन मोळी बांधता येती." ते ऐकून मॅडमना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पंकजा नववी पास झाली. आता दहावीला आहे. हे मॅडमना कळलं ते कल्याणकडून. त्यानं रविवारी बोलता बोलता सांगितलं, तेही तिनं त्याला सांगितलं होतं म्हणून. ती ग्रुपवर परत आली नाही. मॅडमनी तिला परत घेण्याचा प्रयत्न केला, तर तिनं नम्रपणे लिहून कळवलं की अभ्यासामुळे जमणार नाही. बोलून नाही, लिहून. अक्षरं अगदी शुद्ध होती, एकही चूक नव्हती.

मॅडम आता पोरांना काय पाहिलं हे विचारतात, पण अभ्यासाचं विचारत नाहीत. दिवाळीनंतर प्रत्येकाच्या घरी फोन करून मूल नेमकं कुठं आहे ते विचारून घेतात, आणि स्कूटीच्या टप्प्यात असलं तर जाऊन येतात. गेल्या हंगामात निकिताची धाकटी बहीण अशीच सापडली, तिला त्यांनी आपल्या शाळेत बसवलं. सुनील सर म्हणतात, आता खरा उपक्रम झाला. नगरहून पुन्हा बोलावणं आलं होतं, त्यांनी सरांनाच पाठवलं.

संक्रांतीला त्यांनी पंकजाला फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"कशी आहेस?"

"बरी हाय मॅडम. तुमी?"

"मी बरी. काय म्हणतेस, नवीन काही?"

मॅडमनी मोबाईल कानाला घट्ट धरला.

"न्हाई मॅडम. काय न्हाई," पंकजा म्हणाली. "तिळगूळ घ्या."

"घेतला," मॅडम म्हणाल्या. मग आजीनं बोलावलंय म्हणून पंकजानं फोन ठेवला.